तण खाई धन, निंदण खाई काय?



'तण खाई धन' ही म्हण आजोबा-पणजोबांपासून चालत आलेली आहे. तण राहिले की पीक बसते, हे सांगायला कृषी पदवी लागत नाही. पण तण काढायला किती धन लागते, याची म्हण कोणी केली नाही. बियाण्याच्या पाकिटाचा भाव आपल्याला पाठ असतो. खताच्या पोत्यावर पाच रुपये वाढले तरी चावडीवर चर्चा होते. निंदणाला किती गेले असे विचारले की मात्र उत्तर येते, "गेले असतील तीन-चार हजार." घरच्या बाईची रोजी त्यात धरली का? "ती तर घरचीच." आपला डवरा, आपली जोडी, त्याचे काय? "ते कोण मोजतं?"

जे आपण मोजत नाही ते सरकारही मोजत नाही आणि व्यापारी तर मुळीच मोजत नाही. म्हणून जिल्हा मेळाव्याच्या या अंकात निंदणाचा हिशेब मांडायचा आहे. सुरुवात मात्र कपाशीपासून करत नाही. आधी धानाच्या बांधीत जाऊन येऊ. तणाशी लढायचे किती मार्ग आहेत आणि प्रत्येक मार्गाची किंमत कोण भरतो, हे धानात जितके स्वच्छ दिसते तितके आपल्या काळ्या रानात दिसत नाही.

धानकऱ्याचे तणनाशक म्हणजे पाणी

भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूरकडचा धानकरी चिखलणी करतो आणि एकवीस-पंचवीस दिवसांचे रोप चिखलात रोवतो. आपल्याला वाटते ही फक्त लागवडीची रीत आहे. खरे पाहता हे त्याचे पहिले निंदण आहे. चिखलणीत उगवलेले तण गाडले जाते. वर दोन बोटे पाणी उभे राहिले की बऱ्याच तणांच्या बियांना हवा मिळत नाही, त्या उगवत नाहीत. शिवाय धानाचे रोप पंचवीस दिवसांनी मोठे आणि तण आजचे. शर्यत सुरू होण्याआधीच धान पुढे निघालेले असते.

याच भागात काही शेतकरी रोवणी न करता बी फेकून धान घेतात. त्याला आवत्या म्हणतात. रोवणीची मजुरी वाचते, चिखलणी वाचते. पण धान आणि सावा एकाच दिवशी उगवतात, एकाच उंचीचे दिसतात, आणि निंदणारी बाई सुद्धा चकते. पलीकडे छत्तीसगडात याला उपाय म्हणून बियासीची जुनी पद्धत आहे. फेकलेले धान महिन्याचे झाले आणि बांधीत पाणी साचले की उभ्या पिकात नांगर फिरवायचा. तण उपटते, धान विरळ होते, उरलेले जोर धरते. तिथे करगा नावाचे रानधान इतके माजते की रोपावस्थेत ते ओळखूच येत नाही. म्हणून रायपूरच्या कृषी विद्यापीठाने 'श्यामला' नावाचा जांभळ्या पानांचा वाण काढला. जांभळे ते आपले, हिरवे ते उपटायचे. तणाशी लढायला माणसाने काय काय केले, त्याचा हा नमुना आहे.

जबलपूरच्या तण संशोधन संचालनालयाच्या शास्त्रज्ञांनी १८ राज्यांतील शेतकऱ्यांच्या शेतांवरच्या दीड हजारांहून अधिक चाचण्यांवरून तणामुळे होणाऱ्या नुकसानीचा अंदाज २०१८ साली प्रसिद्ध केला. त्यात रोवलेल्या धानात सुमारे १४ टक्के घट दिसते, थेट पेरलेल्या धानात २१ टक्के. एकच पीक, पण पाणी आणि रोपाची आघाडी काढून घेतली की नुकसान दीडपट. आता आपल्याकडचे आकडे ऐका. ज्वारीत २५ टक्के, मुगात आणि सोयाबीनमध्ये ३१ टक्क्यांच्या आसपास. आपण कोरडवाहूवाले थेट पेरलेल्या धानाच्याही खालच्या पायरीवर आहोत. आपल्याकडे तण दाबायला पाणी नाही, आणि पेरलेल्या बियाला तणापुढे एका दिवसाचीही आघाडी नाही.

पंजाबमध्ये हीच गोष्ट २०२० साली मोठ्या प्रमाणावर घडली. टाळेबंदीत बिहार-उत्तर प्रदेशचे मजूर गावी गेले, रोवणीला हात मिळेनात, आणि लाखो एकरांवर धान यंत्राने थेट पेरले गेले. भूजल वाचावे म्हणून २०२२ साली तिथल्या सरकारने थेट पेरणीला एकरी १,५०० रुपये जाहीर केले. पाणी वाचले, रोवणीची मजुरी वाचली, पण तणनाशकाचे बिल वाढले. पेरल्याबरोबर एक फवारा, वीस-पंचवीस दिवसांनी दुसरा, आणि त्यातून सुटलेले तण हाताने.

यातून एवढेच घ्यायचे की तण फुकटात कोणतीच पद्धत काढत नाही. पाण्याने काढा, बैलाने काढा, बाईच्या पाठीने काढा, नाहीतर औषधाने काढा. खर्च एका खिशातून दुसऱ्या खिशात जातो. आपले काम एवढेच की तो कोणत्या खिशातून जातो हे उघड्या डोळ्यांनी पाहायचे.

आपल्या रानात खरा दर तारखेचा

कपाशीला पहिले दोन महिने तण सहन होत नाही. ज्वारीला पहिले तीस ते पंचेचाळीस दिवस महत्त्वाचे. त्यानंतर पीक दाटते, सावली धरते आणि तणाला स्वतःच दाबते. म्हणजे लढाई सगळी जून अखेरपासून ऑगस्टपर्यंतची. नेमके हेच दिवस झडीचे. काळ्या रानात आठ-दहा दिवस वाफसा येत नाही. डवरा चालत नाही, बाया आत जाऊ शकत नाहीत, आणि केना, लव्हाळा, माठ, हराळी मात्र रात्रंदिवस वाढत असतात. उघाड पडली की साऱ्या गावाला एकाच दिवशी बाया लागतात. रोजी वाढते, गाडीभाडे वाढते, आणि तरी आपला नंबर चौथ्या दिवशी लागतो. तोवर जे तण दोन बोटांनी निघाले असते त्याला खुरपे लागते, आणि जिथे पाच बाया पुरल्या असत्या तिथे दहा लागतात.

नमुना म्हणून एका एकर कपाशीचा हिशेब मांडू. दर मी धरलेले आहेत. तुमच्या गावचे दर टाकून तो पुन्हा मांडा. बाईची रोजी ३०० रुपये. गड्यासह बैलजोडीचा दिवस १,६०० रुपये, दिवसाला चार एकर डवरणी, म्हणजे एकरी ४०० रुपये.

पहिली पद्धत, नुसते हाताचे निंदण. पहिल्या निंदणाला १० बाया, दुसऱ्याला ७. सतरा रोज, ५,१०० रुपये.

दुसरी पद्धत, तीन डवरण्या आणि तासातले तण हाताने. डवरणीचे १,२००. निंदणाला पहिल्यांदा ५ आणि नंतर ३ बाया, २,४०० रुपये. एकूण ३,६००.

तिसरी पद्धत, पेरणीनंतर उगवणीपूर्वी पेंडीमिथॅलीनचा फवारा, मग दोन डवरण्या आणि एक निंदण. औषध व फवारणी मिळून १,००० धरा, डवरणी ८००, निंदणाला ४ बाया म्हणजे १,२००. एकूण ३,०००.

कागदावर तिसरी जिंकली. दुकानदार तुम्हाला इथेच थांबवतो. आता पाऊस बदलून पाहू.

पेरले, फवारले, आणि पंधरा दिवस पावसाने दडी मारली. पेंडीमिथॅलीनला जमिनीच्या वरच्या थरात ओल लागते. कोरड्यात ते काम करत नाही. फवाऱ्याचे १,००० गेले, वर दोन डवरण्या ८०० आणि निंदण पूर्ण २,४००. एकूण ४,२००. डवऱ्यावाल्यापेक्षा सहाशे जास्त.

दुसऱ्या वर्षी झड लागली. डवऱ्यावाल्याच्या तीनपैकी दोनच डवरण्या झाल्या, त्याही उशिरा. तण वाढलेले, निंदणाला १४ रोज लागले. ८०० आणि ४,२००, म्हणजे ५,०००. त्याच वर्षी फवारणीवाल्याचे पहिले वीस दिवस मोकळे गेले आणि तो ३,००० ते ३,५०० मध्ये सुटला.

म्हणजे कोणती पद्धत स्वस्त, याला एकच एक उत्तर नाही. ओलीच्या वर्षी फवारा स्वस्त, ताणाच्या वर्षी डवरा स्वस्त, आणि नुसत्या हाताचे निंदण दोन्ही वर्षी महाग. त्यात उशीर झाला तर सगळ्याच पद्धती महाग. आणि उशिराची दुसरी बाजूही आहे. एकरी पाच क्विंटलच्या कपाशीत तणाने एक क्विंटल खाल्ला आणि भाव सात हजार धरला, तर सात हजार गेले. निंदणाच्या पाचशे-हजारांची कंजुषी करणाऱ्याने हा आकडा धुऱ्यावर लिहून ठेवावा.

म्हणून माझा सल्ला असा. पाया डवऱ्याचा ठेवा. पेरणीनंतर जमिनीत ओल असेल आणि आभाळ भरलेले असेल तरच उगवणीपूर्वीचा फवारा घ्या. तो झडीचा विमा आहे, त्याला विम्याइतकीच किंमत द्या. आणि पहिले निंदण विसाव्या दिवसाच्या पुढे जाऊ देऊ नका, मग पद्धत कोणतीही असो.

चौफुलीचा डवरा

धानवाल्यांकडून घेण्यासारखी आणखी एक गोष्ट आहे. 'श्री' पद्धत आली ती मादागास्करमधून. तीत धानाचे रोप पंचवीस सेंटीमीटरच्या चौकोनात लावतात. का? तर हाताने ढकलायचे कोनो वीडर उभे आणि आडवे, दोन्हीकडून फिरावे म्हणून. तण चिखलात गाडले जाते आणि बाईला फक्त बुडाजवळचे चार-दोन तण काढावे लागते.

आपल्या जुन्या माणसांना हे ठाऊक होते. कपाशी चौफुलीवर टोबायची, म्हणजे उभी डवरणी होते आणि आडवीही होते. तासातले तण, जे एरवी हातानेच काढावे लागते, ते आडव्या डवऱ्याने निघते. वरच्याच दरांनी मांडा. चार डवरण्या १,६००, निंदणाला ३ बाया ९००, चौफुली टोबायला जास्तीचे दोन रोज ६००. एकूण ३,१००. औषध नाही, दुकान नाही, आणि फवाऱ्याच्या पद्धतीपेक्षा शंभरच रुपये जास्त. अडचण एकच. दाट लागवडीत हे जमत नाही, आणि वाफसा नसेल तर डवरा उभाही चालत नाही आणि आडवाही नाही. ज्यांच्याकडे बैल उरले नाहीत त्यांनी सायकल कोळपे पाहावे. एक माणूस दिवसभरात अर्धा-पाऊण एकर सहज उरकतो.

बैल का उरले नाहीत, हेही बोलले पाहिजे. वर्षभर दोन बैल पोसायचे आणि काम तीन महिन्यांचे. पूर्वी म्हातारा बैल विकून आलेल्या पैशात भर घालून नवा आणता येई. मार्च २०१५ पासून राज्यात गाईबरोबर बैलाच्या कत्तलीवरही बंदी आली. म्हाताऱ्या बैलाला बाजारात गिऱ्हाईक राहिले नाही, आणि नव्या जोडीची सगळी किंमत शेतकऱ्याच्या खिशावर आली. डवऱ्याचा दर वाढण्यात याचाही वाटा आहे. कायदा करणाऱ्यांनी डवरणीचा हिशेब विचारला नव्हता.

औषध आंधळे असते

आता माझी एक चूक सांगतो. पदवी घेऊन नवा नवा कामाला लागलो होतो. वीस-बावीस वर्षे झाली. एका गावात ज्वारी तणाने भरलेली पाहिली आणि पुढच्या वर्षी पेरणीबरोबर ॲट्राझीन फवारा, असे एका वडीलधाऱ्या शेतकऱ्याला लिहून दिले. पुस्तकात तसेच होते. ज्वारीला ॲट्राझीन चालते, हेही खरे होते. मी विचारले नाही एवढेच, की काका, ज्वारीत आंतरपीक काय घेता? त्यांनी मूग घेतला होता. महिन्याभराने गेलो तर ज्वारी स्वच्छ उभी होती. काका म्हणाले, "साहेब, तुमचं औषध लई चांगलं. गवतही मेलं अन् मूगही मेला." एक शब्द रागाचा बोलले नाहीत. चहा पाजला. त्या चहाने मला जे शिकवले ते चार वर्षांच्या कॉलेजने शिकवले नव्हते.

ॲट्राझीन ज्वारीला सोडते, मूग, उडीद, तूर यांना सोडत नाही. आंतरपिकाच्या ज्वारीत त्याचे नावही काढू नका. उगवणीनंतर कपाशीत फवारायचे पायरिथिओबॅक सोडियम रुंद पानाच्या तणावर चालते, क्विझालोफॉप गवतावर चालते. दोन्ही तण दोन-चार पानांचे असतानाच मारतात. महिन्याच्या वाढलेल्या तणावर फवारून "औषध बोगस निघाले" म्हणण्यात अर्थ नाही. आणि २,४-डी मारलेला पंप चुकूनही कपाशीत नेऊ नका. शेजाऱ्याच्या शेतातून वाऱ्याने आलेला तुषार सुद्धा पऱ्हाटीला पुरतो. पाने भेंडीच्या पानासारखी चिरतात, शेंडा वाकडा होतो, पाती गळतात. मग शेतकरी रोग समजून आणखी दोन औषधे विकत आणतो. तणनाशकाचा पंप वेगळा ठेवा. चार घरांनी मिळून एक घेतला तरी चालेल.

एक तण मात्र असे आहे की त्यावर खुरपे आणि फवारा दोन्ही उशिरा पोचतात. ज्वारीतला टारफुला. तो ज्वारीच्या मुळाला चिकटतो आणि जमिनीवर दिसण्याआधीच पिकाचा रस पिऊन झालेला असतो. एका झाडाला हजारो बारीक बिया येतात आणि त्या जमिनीत कित्येक वर्षे जिवंत राहतात. फुलावर येण्याआधी उपटून जाळणे हे झालेच. पण त्याहून स्वस्त उपाय आपल्या हातात आहे. कपाशीच्या मुळाच्या स्रावाने टारफुल्याचे बी उगवते, पण कपाशीवर त्याला जगता येत नाही. उगवते आणि मरते. ज्वारीनंतर कपाशी, कपाशीनंतर ज्वारी हा जुना फेरा म्हणजे बिनपैशाचे तणनाशक होते. भावाच्या मागे धावताना आपण तो मोडला. सांगणाऱ्याने सांगावे की ज्वारीला भाव मिळत नव्हता म्हणून मोडला. ते खरेच आहे. पण त्या मोडण्याची किंमत निंदणाच्या खात्यात येते, हेही लिहून ठेवा.

फवारणाऱ्या माणसाच्या जिवाचेही बोलू. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या वर शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात गेले. ती औषधे किडीची होती, तणाची नव्हती. पण पंप तोच, फाटका शर्ट तोच, आणि उघडे हातही तेच. पॅराक्वाटसारखे तणनाशक पोटात गेले तर त्याला उतारा नाही. तणनाशक स्वस्त म्हणताना हातमोजे, तोंडाला फडके, साबण आणि मजुराची काळजी यांचा खर्च धरला नसेल तर तो हिशेब खोटा आहे.

धानाला रीतसर, कपाशीला चोरून

तणनाशक सोसणाऱ्या कपाशीचा प्रश्न टाळून हा लेख संपवता येणार नाही. गावोगाव ती पेरली जाते, हे सगळ्यांना माहीत आहे.

सप्टेंबर २०२१ मध्ये दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेचे पुसा बासमती १९७९ आणि १९८५ हे दोन वाण देशापुढे आले. सोयाबीनवाल्यांना ओळखीचे असलेले इमॅझेथापायर तणनाशक हे धान सोसते. तण मरते, धान उभे राहते. हे वाण उत्परिवर्तनाने काढलेले आहेत, बाहेरचा जनुक घातलेला नाही, म्हणून त्यांना जनुकीय बियाण्याच्या मंजुरीची वाट धरावी लागली नाही. कपाशीचा वाण जनुक घालून केलेला, म्हणून त्याचा रस्ता वेगळा. तो प्रस्ताव कंपनीने २०१६ साली मागे घेतला आणि मंजुरी आजतागायत नाही. जून २०१९ मध्ये अकोला जिल्ह्यातील अकोली जहागीर येथे शेतकऱ्यांनी हे बियाणे उघडपणे पेरले आणि गुन्हे अंगावर घेतले. पुढे ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्राने ग्लायफोसेटची फवारणी फक्त कीडनियंत्रण व्यावसायिकांमार्फत करावी असा आदेश काढला.

यात शेतकऱ्याच्या वाट्याला काय आले? बियाणे मिळते, पण बिल मिळत नाही. पाकिटात काय आहे ते फवारल्यावर कळते. मिसळ निघाली तर अर्धी कपाशी तणाबरोबर जळते, आणि तक्रार करायला गेला तर पहिला प्रश्न येतो, हे बियाणे तुझ्याकडे आले कसे? विकणारा मोकळा, पेरणारा चोर. आमचे म्हणणे सरळ आहे. चाचण्या घ्या, निकाल मराठीत छापा, आणि हो किंवा नाही असा निर्णय कारणासह द्या. वर्षानुवर्षे झुलवत ठेवणे म्हणजे चोरबाजाराला परवाना देणे आहे.

पण भावांनो, हे मागताना स्वप्नात राहू नका. अमेरिकेत इमॅझेथापायरसारखीच औषधे सोसणारे धान २००२ साली बाजारात आले. काही वर्षांतच रानधानाचा त्याच्याशी संकर होऊन रानधानही ते औषध सोसू लागले. जॉर्जिया राज्याच्या कापूसपट्ट्यात ग्लायफोसेटला न मरणारा राजगिऱ्याच्या कुळातला माठ २००५ साली सिद्ध झाला, आणि मोठमोठी यंत्रे बाळगणाऱ्या त्या शेतकऱ्यांना पुन्हा माणसे लावून निंदण करावे लागले. आपल्याच पंजाब-हरियाणात धानानंतरच्या गव्हात आयसोप्रोट्युरॉन वर्षानुवर्षे मारले, आणि १९९० नंतरच्या पहिल्या काही वर्षांतच गुल्लीदंडा त्याला दाद देईनासा झाला. एकच औषध दरवर्षी मारले की जे तण त्यातून वाचते तेच पुढच्या वर्षी बी टाकते. तण सुद्धा आपल्यासारखेच शिकते. म्हणून कोणतेही बियाणे आले तरी डवरा विकू नका.

हिशेबात नसलेली बाई

शेवटी मूळ मुद्द्यावर येतो. निंदण बायाच करतात. चिखलात वाकून, पाठीवर पोते टाकून, सकाळपासून सांजेपर्यंत. गड्याला जी रोजी मिळते ती त्यांना मिळत नाही. आणि घरची बाई निंदत असेल तर तिला काहीच मिळत नाही. निंदण स्वस्त वाटते त्याचे हे खरे कारण आहे. स्वस्त काम नाही, स्वस्त बाई आहे.

याचा आपल्या मालाच्या भावाशी थेट संबंध आहे. सरकारने २०१८ च्या अर्थसंकल्पात हमीभाव खर्चाच्या दीडपट देण्याचे जाहीर केले. तो खर्च धरला हातखर्च अधिक घरच्या माणसांची मजुरी एवढाच. जमिनीचा खंड आणि भांडवलाचे व्याज त्यात नाही, हे आपले जुने गाऱ्हाणे आहेच. पण घरच्या मजुरीचा जो आकडा त्यात आहे, तो तरी खरा आहे का, हे आपण कशाच्या आधारावर विचारणार? आपल्याच वहीत घरच्या बाईचे रोज लिहिलेले नसतील तर कृषिमूल्य आयोगाला खोटे कसे पाडणार?

म्हणून या मेळाव्याला येताना एक काम करून या. एका शेताचे, एका पिकाचे, निंदणाचे खाते लिहून आणा. पेरणीची तारीख, प्रत्येक डवरणीची तारीख, प्रत्येक निंदणाची तारीख. बाया किती, रोजी किती, घरच्या किती आणि बाहेरच्या किती. औषध कोणते, कोणत्या दिवशी, त्या आठवड्यात पाऊस किती. शेवटी एकरी माल किती. एका पानात मावते. पोराला सांगा, तो मोबाईलमध्येही लिहील. पण लिहिताना घरच्या बाईला शेजारी बसवा. किती दिवस गेले ते तिला बरोबर आठवते, आपल्याला आठवत नाही.

गावाची पन्नास पाने जमली तरी ओलीचे वर्ष कोणते, ताणाचे कोणते, कोणाची पद्धत कुठे स्वस्त पडली हे आपल्याच रानावरून कळेल. ती पाने घेऊन अकोला आणि परभणीच्या कृषी विद्यापीठांकडे जाऊ आणि म्हणू, कोरडवाहू रानात या सगळ्या पद्धती शेजारी शेजारी लावा, आणि निकालात नुसते क्विंटल नको, रोजही छापा. तीच पाने घेऊन भाव मागायला जाऊ.

मेळाव्यात घोषणा होतील, भाषणे होतील, तीही हवीत. पण या वेळी व्यासपीठासमोर एक टेबल असेल. त्यावर पाने जमा होतील. पहिले पान मी माझ्या घरच्या चार एकरांचे ठेवणार आहे, बायकोच्या रोजांसकट. तुमचे घेऊन या.